पाणपक्ष्यांच्या पोटातले चपटे जंत: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

उजनी धरणाच्या काठी भिगवणला मित्रमंडळींना होडीतून पक्षी दाखवायला नेतो तेव्हा पहिला तासभर सगळे प्रश्न फ्लेमिंगोचेच असतात. मागे एकदा परत आल्यावर काठावर एक काका मरळ कापत बसले होते आणि तिच्या मांसात ज्वारीच्या दाण्याएवढे पिवळट दाणे निघाले, काकांनी एक दाणा सुरीच्या टोकाने फोडला तर आतून चपटं काहीतरी हळूच आकसताना दिसलं, आणि मग फ्लेमिंगो राहिले बाजूला, घरी पोचेपर्यंत गाडीत फक्त जंत. तेव्हापासून तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून टाकतोय.

चपटे जंत म्हणजे नक्की कोणते?

पाणपक्ष्यांमधे मुख्यतः दोन प्रकार. एक पर्णकृमी म्हणजे फ्लूक, पानासारखे चपटे, बहुतेकांना दोन चूषक असतात, तोंड असतं पण गुदद्वार नसतं त्यामुळे खाल्लेल्याचं उरलंसुरलं तोंडातूनच बाहेर. दुसरे पट्टकृमी म्हणजे टेपवर्म, यांना तर तोंडही नाही आणि आतडंही नाही, पक्ष्याच्या आतड्यात चिकटून बसायचं आणि आयतं पचलेलं अन्न कातडीतून शोषायचं. आपल्या पोटातले नेहमीचे जंत गोल असतात, ते वेगळं खानदान, इथे त्यांचा विषय नाही.

त्या मरळीतला पिवळा दाणा काय होता?

बहुधा क्लायनोस्टोमम किंवा त्याचाच भाऊबंद युक्लायनोस्टोमम, मरळीत हे दोन्ही सापडतात आणि दोघांचाही शेवटचा मुक्काम बगळ्याकडे. ही गोष्ट नीट कळली की बाकीच्यांची अर्धी कळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्लायनोस्टोममचा पूर्ण वाढलेला जंत बगळ्याच्या, वंचकाच्या तोंडात नाहीतर घशात चिकटलेला असतो. बगळा मासा पकडायला चोच पाण्यात घालतो तेव्हा जंताची अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून केसाळ, डोळ्यांना न दिसणारं पिल्लू निघतं, त्याला मिरॅसिडियम म्हणतात, त्याच्याकडे वेळ साधारण एक दिवस, तेवढ्यात योग्य जातीची गोगलगाय सापडली तर ठीक नाहीतर खेळ खल्लास. गोगलगायीत घुसल्यावर ते स्वतः मोठं व्हायच्या भानगडीत पडत नाही, आतल्या आत स्वतःच्या प्रती काढत बसतं, नर नको मादी नको, एकाचे शेकडो आणि शेकड्यांचे हजारो. मग गोगलगायीतून शेपटीवाले सरकेरिया बाहेर पडायला लागतात, ते माशाच्या अंगात घुसतात, शेपटी बाहेरच टाकतात आणि मांसात कोष करून बसतात. तो कोष म्हणजे तुमचा पिवळा दाणा. तो आत काही वर्षंसुद्धा वाट बघू शकतो. कशाची वाट, तर बगळ्याने तो मासा गिळायची. गिळला की कोष फुटतो, जंत अन्ननलिकेतून उलटा वर सरकत घशाशी येतो आणि थोड्या दिवसांत अंडी घालायला तयार.

म्हणजे बगळा, गोगलगाय, मासा, परत बगळा. यातला एक जरी तळ्यातून गेला तरी जंताचा वंश तिथेच संपला.

मग असा मासा खायचा का? खरं सांगा.

नीट शिजवला तर जंत मरतो, धोका नाही. माझ्या ताटात आला तर मी खाणार नाही, पण ते किळसेमुळे. कच्चा किंवा अर्धाकच्चा अजिबात नको, जपान आणि कोरियात कच्चे गोड्या पाण्यातले मासे खाल्ल्यामुळे हाच जंत माणसाच्या घशात चिकटलेला सापडलाय, घसा प्रचंड दुखतो आणि डॉक्टर चिमट्याने काढतात. आपल्याकडे मासा कालवणात रटरट शिजतो किंवा खरपूस तळला जातो ते बरंच आहे. माशाच्या अंगावर काळे ठिपके दिसतात तेही बऱ्याचदा अशाच दुसऱ्या पर्णकृमींचे कोष असतात, काळा रंग जंताचा नसतो, मासाच कोषाभोवती स्वतःचं रंगद्रव्य साठवतो.

प्रत्येक वेळी गोगलगायच का लागते?

पर्णकृमींचं गोगलगायीवाचून जवळजवळ पानच हलत नाही. आणि गोगलगायीच्या बाबतीत ते फार क्रूर आहेत, बहुतेक वेळा तिचे जननावयवच खाऊन टाकतात किंवा बंद पाडतात, ती जिवंत राहते, चरते, पण अंडी घालत नाही, खाल्लेलं सगळं जंतांच्या कारखान्याला जातं.

यातला माझा सगळ्यात आवडता भाग म्हणजे सैनिक. कॅलिफोर्नियाच्या खाडीतल्या शिंगासारख्या शंखाच्या गोगलगायींमधे हिमॅस्थला नावाचा पर्णकृमी असतो, त्याच्या वसाहतीत दोन प्रकारचे जंत निघाले, मोठे जे पिल्लं काढतात आणि छोटे चपळ जे प्रजोत्पादन करताना दिसत नाहीत, मोठं तोंड घेऊन फिरतात आणि दुसऱ्या जातीचा जंत त्याच गोगलगायीत शिरला तर त्याला चावून मारतात. मुंग्यांसारखी कामाची वाटणी, तीही एका गोगलगायीच्या पोटात! हे २०११ साली छापून आलं.

हे घरी बघता येतं का?

येतं, आणि बघाच. साधी गोड्या पाण्याची गोगलगाय घ्या, चकलीसारखं वेटोळं असलेली इंडोप्लॅनॉर्बिस किंवा टोकदार शंखाची लिम्निया, दोन्ही आपल्याकडच्या तळ्यांत, शेततळ्यांत आणि पाटाच्या कडेला भरपूर. काचेच्या छोट्या ग्लासात स्वच्छ पाणी, एका ग्लासात एकच गोगलगाय, रात्रभर अंधारात ठेवा आणि सकाळी उजेडात आणा. तासा-दोन तासांनी ग्लासामागे काळा कागद धरून बाजूने टॉर्च मारा. जंत असेल तर पाण्यात धूळ तरंगल्यासारखी दिसते, पण धूळ खाली बसते आणि ही धूळ वर जाते, थांबते, परत झटका मारून वर जाते. भिंगातून बघितलं तर काहींची शेपटी टोकाला दुभंगलेली दिसते, अगदी सापाच्या जिभेसारखी. मी वीस-पंचवीस गोगलगायी ठेवल्या की कधी एक-दोन लागण झालेल्या निघतात, कधी एकही नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी नाराज होऊ नका. एकच गोगलगाय दिवसात शेकडो-हजारो सरकेरिया सोडू शकते.

हातात ग्लोव्हज घाला, ते पाणी हाताला लागू देऊ नका, का ते पुढे खाजेच्या प्रश्नात आहे. काम झालं की पाणी उकळून टाकून द्या. आमच्याकडे तो ग्लास नंतर चहाच्या ट्रेमधे गेला होता, त्यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

पट्टकृमींचं चक्र पण असंच असतं का?

नाही, पट्टकृमींना सहसा गोगलगायीची गरज नसते, त्यांचा पहिला मुक्काम बारीक कवचधारी प्राण्यांत. सायक्लॉप्स आठवतोय? नारूच्या काळात पाणी गाळून प्या म्हणून सांगायचे ते याच्यासाठीच. नारू गोल जंत होता, भारत २००० साली त्यातून मुक्त म्हणून जाहीर झाला, पण पाण्यातले हे सायक्लॉप्ससारखे बारीक जीव म्हणजे कोपेपॉड आहेतच आणि पक्ष्यांचे कितीतरी पट्टकृमी त्यांच्यातूनच पुढे जातात.

लिग्युला घ्या. पक्ष्याच्या विष्ठेतून अंडं पाण्यात, त्यातलं पिल्लू कोपेपॉडने खाल्लं, कोपेपॉडला कार्पच्या कुळातल्या छोट्या माशाने खाल्लं, आणि मग माशाच्या पोटात हा जंत पांढऱ्या फितीसारखा वाढत राहतो, कित्येक महिने, वीस-तीस सेंटीमीटरसुद्धा, माशाचं पोट टम्म फुगतं आणि त्याची प्रजननक्षमता जाते. असा मासा पृष्ठभागाजवळ रेंगाळतो. वरून पाणकावळा किंवा डुबी पक्षी त्याला उचलतो. आता गंमत बघा, माशात इतका काळ काढलेला हा जंत पक्ष्याच्या आतड्यात जेमतेम काही दिवस जगतो, तेवढ्यात भराभर अंडी घालतो आणि संपतो. वाढायचं सगळं काम माशात उरकलेलं असतं, पक्षी फक्त लग्नाचं कार्यालय.

फ्लेमिंगोला पण जंत असतात? इतका सुंदर पक्षी!

असतात, आणि तिथलं प्रकरण तर जास्तच रंगीत आहे. स्पेनच्या आणि फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या मिठागरांत आर्टेमिया म्हणून बोटाच्या पेराएवढीसुद्धा नसलेली कोळंबी असते, मत्स्यालयवाल्यांना ब्राइन श्रिम्प म्हणून माहीत असेल. तिच्यात फ्लेमिंगोलेपिस लिग्युलॉइडिस नावाच्या पट्टकृमीचं पिल्लू शिरलं की ती नपुंसक होते, रंगाने लालभडक होते, आणि पृष्ठभागाजवळ घोळक्याने राहायला लागते. लाल, वर आणि घोळक्यात, म्हणजे पक्ष्यासाठी पंगतच वाढून ठेवली की. मोठा फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित चोचीतून पाणी गाळतो आणि जंत घरी पोचतो. फ्लेमिंगोचा गुलाबी रंग ज्या कॅरोटिनॉइड द्रव्यांनी येतो तीच द्रव्यं त्या आजारी आर्टेमियाला लाल करतात.

मुंबई-ठाण्याच्या खाडीत थव्यांनी दिसतो तो जास्त करून छोटा रोहित, तो मुख्यतः शेवाळ आणि डायटम गाळून खातो, त्यामुळे वरची स्पेनची गोष्ट त्याला जशीच्या तशी लावू नका.

जंत माशाचा मेंदू ताब्यात घेतो हे खरं की फेकाफेकी?

खरं आहे, फक्त "झॉम्बी" वगैरे शब्द जरा बाजूला ठेवा. परत कॅलिफोर्नियाच्याच खाडीत युहॅप्लोर्किस नावाचा पर्णकृमी आहे, गोगलगायीतून निघून तो किलीफिश नावाच्या छोट्या माशाच्या मेंदूवर कोष करतो, एकेका माशात हजाराच्या वर. मासा दिसायला ठणठणीत. पण तो मधेच पृष्ठभागावर येतो, कुशीवर वळून पांढरं पोट चमकवतो, थरथरतो. लॅफर्टी आणि मॉरिस या दोघांनी १९९६ साली मोजून दाखवलं की असले मासे चारपट जास्त असे चाळे करतात आणि पक्ष्यांच्या तोंडी जायचं प्रमाण दहा ते तीस पट जास्त. भिगवणला बगळा ज्या माशावर झडप घालतो तो त्याच्या कौशल्याने मिळाला की जंताच्या मेहेरबानीने, हा प्रश्न माझ्या डोक्यातून तेव्हापासून जात नाही.

व्हॉट्सॲपवर येतो तो रंगीत डोळे लपलपवणाऱ्या गोगलगायीचा व्हिडिओ?

खरा आहे. तो ल्युकोक्लोरिडियम. गोगलगायीच्या शिंगांमधे त्याच्या हिरव्या-तपकिरी पट्ट्यांच्या पिशव्या घुसतात आणि उजेडात धडधडतात, लांबून अळी वाटते. ओलसर गवताळ जागेतल्या गोगलगायी आणि किडे टिपणारे छोटे पक्षी यांचा तो धंदा, पक्ष्याच्या विष्ठेतली अंडी गोगलगाय थेट खाते त्यामुळे पोहणाऱ्या अवस्थेची गरजच नाही. त्याखाली "गणपतीपुळ्याजवळ सापडली" असं लिहून आलं तर पुढे पाठवू नका.

पक्ष्यांना याचा त्रास होतो का?

बहुतेक वेळा फारसा नाही, आणि हे लोकांना पटत नाही. कॅनडातल्या अल्बर्टामधे लेसर स्कॉप जातीची ४५ बदकं तपासली तर त्यांच्या आतड्यांत ५२ जातींचे मिळून जवळपास १० लाख जंत निघाले, हे काम १९८६ सालचं. १० लाख भागिले ४५ करून बघा. आणि ही आजाराने मेलेली बदकं नव्हती. हजारो वर्षांचे शेजारी आहेत, भाडं थकवतात पण घर पाडत नाहीत.

घर पडतं ते शेजारी नवा असला की. अमेरिकेत बिथिनिया नावाची युरोपातली गोगलगाय १८७०च्या दशकात ग्रेट लेक्समधे पोचली, आणि पुढे २००२ साली मिसिसिपी नदीच्या वरच्या टप्प्यात आढळली. तिच्यात स्फेरिडिओट्रेमा आणि सायथोकोटाइली हे पर्णकृमी. स्थलांतरात तिथे थांबणारे वारकरी म्हणजे कूट आणि स्कॉप बदकं या गोगलगायी पोटभर खातात, आतड्यात रक्तस्राव होतो आणि थोड्याच दिवसांत मरतात, हजारोंनी मेले. वारकरी आपल्याकडेही हिवाळ्यात पाणी काळं करून टाकतात एवढे असतात म्हणून ही बातमी वाचताना पोटात गोळा आला होता.

जंत फक्त पोटातच असतात का?

अजिबात नाही. फिलोफ्थॅल्मस पक्ष्याच्या डोळ्यात राहतो, पापणीच्या आत. त्याचे सरकेरिया गोगलगायीच्या शंखावर, दगडावर, जे मिळेल त्यावर कोष करतात, पक्ष्याने ते गिळले की कोष तोंडात, घशातच फुटतात आणि जंत नाकातून अश्रूनलिकेने वर चढत डोळ्यात जातो. ट्रायकोबिलहार्झिया रेगेंटी तर बदकाच्या पायातून शिरून मज्जातंतू आणि मणक्यातून प्रवास करत नाकात येतो, बदक पाणी प्यायला चोच बुडवतं तेव्हा अंडी बाहेर. याचं वर्णन १९९८ सालचं, म्हणजे बदकाच्या नाकात काय आहे हे आपल्याला परवापरवा कळलं.

गवत खाणाऱ्या बदकांना तरी जंत नसतील ना?

त्यांच्यासाठी नोटोकोटायलस आहे, पाणवनस्पतींवरच कोष करतो. शाकाहार केला म्हणून सुटका नाही.

टिबुकली स्वतःची पिसं खाते ते जंतांसाठी का?

एक अंदाज तसा आहे. टिबुकली ज्यांच्यातली त्या डुबी पक्ष्यांच्या पोटात पिसांचा लगदा असतो, त्यात माशांचे काटे गुंडाळले जातात आणि तो गोळा ओकताना जठरातले जंतही बाहेर जात असावेत. मला पटतं, पण अंदाजच आहे.

तळ्यात उतरल्यावर पायाला खाज आणि पुरळ आलं, हेच का?

असू शकतं. बदकांच्या रक्तात राहणाऱ्या पर्णकृमींचे सरकेरिया माणसाच्या पायाला बदकाचा पाय समजून कातडीत घुसतात आणि तिथेच मरतात, त्यांच्यासाठी तो रस्ता बंद. आपल्याला मात्र लाल पुटकुळ्या आणि वेड लावणारी खाज, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी जास्त कारण शरीर ओळखायला लागलेलं असतं. अमेरिकेत मिशिगनमधे विल्यम कॉर्ट यांनी १९२८ साली याचं कारण शोधलं. भातखाचरात काम करणाऱ्यांना होते त्या खाजेत गुराढोरांचे असेच पर्णकृमीही असतात. बाहेर आल्याबरोबर अंग टॉवेलने खसखसून पुसा, पाणी आपोआप वाळू देऊ नका. आठवड्याभरात जातं. ताप आला, पू झाला किंवा पसरत गेलं तर डॉक्टर.

म्हणजे बिलहार्झिया, तो रक्तात राहणाऱ्या पर्णकृमींमुळे माणसाला होणारा आजार? तो आपल्याकडे नाही ना?

पक्ष्यांचा जंत माणसात मोठा होत नाही, त्यामुळे तो आजार यातून होत नाही. पण तुमचा प्रश्न वाटतो तेवढा लांबचा नाही, १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांच्या लघवीतून रक्त घालवणाऱ्या शिस्टोसोमाचा, म्हणजे बिलहार्झियाच्याच जंताचा प्रादुर्भाव गाडगीळ आणि शहा यांनी नोंदवला होता आणि मधली गोगलगाय फेरिसिया नावाची, टिकलीएवढी. कोकणातल्या लोकांनाही हे सांगितलं की आधी खोटंच वाटतं.

स्थलांतरित पक्षी बाहेरून जंत आणतात, मग त्यांना येऊ का द्यायचं?

पक्षी जंत घेऊन येतात हे खरं. पण पट्टकादंब हंसाने तिबेटहून आणलेली अंडी नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यात पडली तरी त्या जंताला चालणारी गोगलगाय किंवा कोपेपॉड तिथे नसेल तर गोष्ट पहिल्याच पानावर संपते. बहुतेकांची संपते. आणि "येऊ का द्यायचं" हा प्रश्न कुणाला विचारायचा, हंसाला?

प्रदूषणाने जंत वाढतात का?

काही वाढतात. अमेरिकेत मिनेसोटामधे १९९५ साली शाळेच्या सहलीतल्या मुलांना जास्तीच्या पायांचे, कमी पायांचे बेडूक सापडले आणि मोठा गाजावाजा झाला. अशा वेड्यावाकड्या पायांमागचं एक मोठं कारण निघालं रायबेरोइया नावाचा पर्णकृमी, तो बेडकाच्या पिल्लाचे पाय फुटतात नेमकं तिथे कोष करतो, आणि तसला लंगडा बेडूक बगळ्याला आयता. नंतरच्या प्रयोगात दिसलं की खताचं पाणी आलं की शेवाळ वाढतं, शेवाळावर गोगलगायी वाढतात, आणि गोगलगायींवर जंत. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं, शेवाळाने पाणी हिरवंगार होतं, तेव्हा ही साखळी मनात ठेवून गोगलगायी मोजणारं कुणीतरी कॉलेजचं पोरगं तिथे बसायला हवं. दुसरीकडे विषारी प्रदूषणाने गोगलगायी किंवा मासेच मेले तर जंतही जातात, त्यामुळे जंत कमी म्हणजे पाणी चांगलं असं समजू नका.

मग जंत जास्त असणं चांगलं की वाईट?

पक्षी बघणाऱ्याच्या नजरेने विचाराल तर मी चांगलंच म्हणेन. प्रत्येक जंताला दोन-तीन वेगवेगळे प्राणी एकाच जागी लागतात, त्यामुळे गोगलगायीत पाच जातींचे सरकेरिया सापडले की समजायचं इथे बगळे, बदकं, मासे सगळ्यांची वर्दळ आहे, पक्षी त्या क्षणी समोर नसले तरी. हजेरीपटच आहे तो. कॅलिफोर्नियात कार्पिंटेरियाची दलदल दुरुस्त केल्यावर तिथल्या गोगलगायींत पर्णकृमी वाढले, कारण पक्षी परतले. आणि तिथल्याच भागातल्या तीन खाड्यांचा हिशोब २००८ साली मांडला तेव्हा वर्षभरात पाण्यात सोडल्या जाणाऱ्या सरकेरियांचं वजन तिथल्या सगळ्या पक्ष्यांच्या वजनापेक्षा जास्त भरलं. आपण दुर्बीण लावून बघतो ते पक्षी, आणि वजनकाट्यावर भारी पडते ती पाण्यातली धूळ.

आमच्या शेततळ्यातल्या बदकांना औषध द्यायचं का?

पर्णकृमी आणि पट्टकृमींवर प्राझिक्वांटेल चालतं, पण डोस पशुवैद्याकडून घ्या, विष्ठा तपासून, अंदाजाने नको. बदकं त्याच गोगलगायी खात राहिली तर महिन्याभरात परत तेच. गोगलगायी मारायला मोरचूद वगैरे टाकायचा सल्ला कुणी देईल, टाकू नका, आधी मासे मरतील.

मेलेला पक्षी सापडला तर उघडून बघू का, जंत शोधायला?

नको. बर्ड फ्लूपासून काहीही असू शकतं. हात न लावता फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि वनविभागाला किंवा पशुसंवर्धनवाल्यांना कळवा. जंतच बघायचे असतील तर ग्लास, गोगलगाय आणि टॉर्च आहे ना, फक्त त्या ग्लासावर मार्करने मोठ्या अक्षरात काहीतरी लिहा.